देवघरात सापडलेलं स्काउटचं पदक: हे आमच्याकडे आलं कुठून?

गाठोडं

मंडळी, एक कोडं घेऊन आले आहे.

आजी गेल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरातलं देवघर काकांकडे हलवायचं ठरलं. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम असं सगळं ताम्हनात काढून घेतलं, आणि त्यातच एक रुपयाच्या नाण्याहून लहान असा धातूचा तुकडा निघाला. आजी त्याला 'स्वस्तिकाचा टाक' म्हणायची. रोज हळदकुंकू, दसऱ्याला चिंचेने घासून लख्ख. तिच्या सासूबाईही तसंच करायच्या म्हणे. आम्ही लहानपणापासून बघतोय, पण नीट बघितलं कुणीच नव्हतं.

यंदा कोमट पाण्यात भिजवून वर्षानुवर्षांचं कुंकू काढलं. खाली तीन पाकळ्यांचं फूल, त्यावर स्वस्तिक, वर एक छोटी कडी. भाचा सातवीत आहे. तो म्हणाला, "मावशी, हे फूल आमच्या स्काउटच्या बॅजवर आहे." लगेच माझ्या भावाने फतवा काढला की हे नाझी पदक आहे, घरात ठेवू नका.

आमचे पणजोबा (हे त्यांच्या काळापासून घरात आहे एवढं नक्की) कापूस आणि ज्वारी पिकवणारे शेतकरी. शाळा चौथीपर्यंत. ते स्काउटमध्ये होते असं कुणीही कधीच सांगितलेलं नाही. मग हे काय आहे, आणि त्यांच्याकडे कसं?

निळासावळा

हिटलर सकाळ-संध्याकाळ हळदकुंकू लावून घेतोय हे डोळ्यासमोर आलं. भावाला सांगा, शंभर वर्षं दुधाने आंघोळ घातल्यावर कुणीही सुधारतो.

चष्मिष

गाठोडं, नाझी वगैरे काही नाही. वर्णनावरून हा स्काउटचा थँक्स बॅज वाटतो, म्हणजे आभाराचा बिल्ला. आणि तुमचे पणजोबा स्काउट नव्हते हे कोडं नाहीच, उलट तीच किल्ली आहे. हा बिल्ला मुळात स्काउट नसलेल्यांसाठी होता.

थोडं मागून सांगतो. स्काउट चळवळीचे जनक, ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, १९०८ मध्ये त्यांचं पुस्तक पाक्षिक भागांमध्ये निघालं आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. त्यात एक नियम पक्का होता. रोज एक सत्कृत्य करायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा नाही. पण उलट बाजूने अडचण आली. स्काउटला कुणी मदत केली, कुणी जागा दिली, कुणी शिकवायला आलं, तर मुलांनी परतफेड कशी करायची? पैसे देणं शोभत नाही आणि मुलांकडे ते नसतातही. म्हणून हा बिल्ला. तो घातलेला माणूस दिसला आणि त्याने मदत मागितली, तर कोणत्याही स्काउटने ती करायची. थोडक्यात, उपकाराची हुंडी. बिल्ला मिळाला म्हणून माणूस चळवळीचा सदस्य मात्र होत नसे.

१९११ पासून त्या बिल्ल्यावर स्वस्तिक आलं, शुभेच्छा म्हणून. त्या काळी युरोप-अमेरिकेत ते शुभचिन्ह म्हणून सर्रास वापरलं जात होतं. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग आपल्या पुस्तकांवर ते छापायचे. नाझींनी ते बळकावल्यावर किपलिंगनी ते काढून टाकलं. स्काउटमधल्या लोकांनीही १९३४ च्या सुमारास बदलाची मागणी लावून धरली आणि १९३५ मध्ये बिनस्वस्तिकाचा नवा नमुना आला. म्हणजे तुमच्या देवघरातला नग १९११ ते १९३५ मधला.

खडूस

किंवा मागच्या वर्षीचा. स्वस्तिकवाली जुनी स्काउट पदकं संग्राहकांमध्ये महाग जातात, त्यामुळे नकली भरपूर फिरतात. फोटो न बघता निदान करणारे वैद्य मला आवडत नाहीत.

चष्मिष

नकली माल विकणारा तो गावच्या देवघरात नेऊन, त्यावर शंभर वर्षांचं कुंकू चढवून, पणतीची वाट बघत बसत नाही हो.

खडूस

कुंकवाचं वय कुणी मोजलं?

निळासावळा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अकेलाबाई

मी एकोणतीस वर्षं शाळेत कब (स्काउटच्या आधीची लहान पोरं) आणि मग स्काउट पथक चालवलं. कबच्या प्रमुखाला 'जंगल बुक'मधल्या लांडग्यावरून 'अकेला' म्हणतात, म्हणून हे नाव. पोरं अजून रस्त्यात "अकेला" म्हणून हाक मारतात आणि बरोबरच्या बायका बघत राहतात.

गाठोडं, ते तीन पाकळ्यांचं फूल म्हणजे होकायंत्रावरची उत्तर दिशेची खूण. बेडन-पॉवेल १८९७ मध्ये भारतात घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख होते, तेव्हा टेहळणीचं शिक्षण पुरं करणाऱ्या शिपायांना ते हीच खूण देत. मग ती मुलांकडे आली. तीन पाकळ्या म्हणजे वचनाचे तीन भाग: देव आणि देशाप्रती कर्तव्य, इतरांना मदत, आणि नियमांचं पालन. आपल्या भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या चिन्हात आज फुलावर अशोकचक्र आहे. एकाच फुलावर आधी स्वस्तिक बसलं, मग चक्र. दोन्ही आपल्याच मातीतली.

थँक्स बॅज आपल्याकडच्या सन्मानांमध्ये अजूनही आहे. पण विचारतं कोण? सगळ्यांना राष्ट्रपती पुरस्कार हवा असतो. आमच्या आधीच्या पिढीत कोमलपद, ध्रुवपद, गुरुपद अशा पायऱ्या होत्या. किती गोड शब्द! मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आले, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती. कोमलपद गेलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं होतं.

रानवाटा

@अकेलाबाई, मी तुमच्यासारख्याच एका बाईंच्या पथकात होतो. कमरेला दोरी, खिशात शिट्टी, स्कार्फच्या वॉगलमधून (स्कार्फ अडकवायच्या कडीतून) सतत निसटणारं टोक, आणि स्काउटच्या रीतीप्रमाणे डाव्या हाताने हस्तांदोलन. घरी पाहुण्यांशी डाव्या हाताने हात मिळवला म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. सत्कृत्य म्हणून एका आजींना रस्ता ओलांडून दिला, त्यांना ओलांडायचा नव्हता. हा विनोद जुना आहे हे माहीत आहे, पण माझ्या बाबतीत खरंच घडलंय.

कोथिंबीर_जुडी

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकते. माझ्या मुलाच्या शाळेत (नाव सांगत नाही) लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) एका रात्रीत भरून घेतली. 'वृक्षसंगोपन, सहा महिने' असं लिहिलेलं झाड मी अजून शोधतेय. कारण काय, तर दहावीला वाढीव गुण. पुढे रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती असते, त्याला राष्ट्रपती पुरस्कार उपयोगी पडतो, असंही सरांनीच पालकसभेत सांगितलं. सेवेचं बक्षीस द्यायला लागलात की सेवा संपली आणि लॉगबुक उरलं.

अकेलाबाई

@कोथिंबीर_जुडी, असं होतं, नाकारणार नाही. माझ्याकडेही पालक यायचे, "बाई, शिबिराला पाठवत नाही पण सर्टिफिकेट द्या." पण सरसकट नको. गुणांच्या आशेने आलेली काही पोरं तिसऱ्या शिबिरापर्यंत गुण विसरतात. एक मुलगी आठवते. पुराच्या वेळी मदत केंद्रावर चार दिवस पोळ्या मोजून बांधत होती. मी तिला म्हटलं लॉगबुकात लिही, तर म्हणाली, "बाई, वही पुरात गेली." तिने नवीन वही घेतलीच नाही. राष्ट्रपती पुरस्कार हुकला.

सरळसोट

मग ही पद्धतच चुकीची ना? जिने काम केलं तिचा हुकला आणि ज्याने रात्रीत वही भरली त्याला मिळाला.

अकेलाबाई

हो. चूक माझीही होती. मी तिच्यासाठी वही भरायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोथिंबीर_जुडी

आणि 'खरी कमाई'चं काय? एकीकडे मोबदला घेऊ नका म्हणायचं आणि दुसरीकडे मुलांना शेजाऱ्यांच्या गाड्या पुसून पैसे आणायला सांगायचं.

अकेलाबाई

ते वेगळं. खरी कमाई म्हणजे काम करून दाम घेणं, घामाच्या पैशाची किंमत कळावी म्हणून. सत्कृत्य म्हणजे दाम न घेणं. एकच मूल एकाच आठवड्यात दोन्ही करतं आणि त्याला फरक बरोबर कळतो. घोळ मोठ्यांचा होतो.

टेक्सासची_सून

हा मोबदल्याचा मुद्दा निघालाच आहे तर इथली गोष्ट सांगते. अमेरिकेत स्काउट चळवळ आलीच मुळी नाकारलेल्या बक्षिशीमुळे, अशी आख्यायिका आहे. १९०९ मध्ये शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस लंडनच्या धुक्यात वाट चुकले. एका मुलाने त्यांना इच्छित ठिकाणी पोचवलं. त्यांनी पैसे पुढे केले तर म्हणाला, "मी स्काउट आहे, सत्कृत्याचे पैसे घेत नाही." बॉइस भारावले आणि ८ फेब्रुवारी १९१० ला इथली संघटना नोंदवली गेली. त्या मुलाचं नाव कुणालाच कळलं नाही.

पुढे इथे सेवेसाठीचा सर्वोच्च सन्मान ठरला 'सिल्व्हर बफेलो', म्हणजे रौप्य गवा म्हणू या. १९२६ मध्ये पहिल्यांदा दिला तेव्हा पहिला बेडन-पॉवेलना आणि दुसरा त्या अज्ञात स्काउटला! घेणारा ठाऊक नाही, मग गव्याचा पुतळा करून इंग्लंडला गिलवेल पार्कात, तिथल्या स्काउट केंद्रात पाठवला. बक्षीस नाकारल्याबद्दल बक्षीस. मला ही कल्पना फार आवडते.

आमच्या पथकातल्या एका आजोबांना दोन वर्षांपूर्वी 'सिल्व्हर बीव्हर' मिळाला. हा स्थानिक पातळीवरचा, १९३१ पासूनचा. गंमत म्हणजे तो मागता येत नाही. नाव दुसऱ्याने सुचवायचं आणि ज्याचं सुचवलं त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आजोबांना जेवणाच्या कार्यक्रमाला खोटं सांगून नेलं होतं. पाणबुडा बीव्हर का? तर तो गाजावाजा न करता बांध घालत राहतो म्हणे. आजोबाही तसेच. तीस वर्षं तंबूंच्या दोऱ्या दुरुस्त करतायत.

आणि बायकांसाठी १९७१ मध्ये वेगळं 'सिल्व्हर फॉन' काढलं होतं, म्हणजे हरणाचं पाडस. पुरुषाला धरण बांधणारा प्राणी आणि बाईला पाडस! तीन वर्षांत गुंडाळलं आणि १९७४ पासून बायकांनाही बीव्हरच मिळू लागला.

खडूस

लंडनच्या त्या दिवशीच्या हवामानाच्या नोंदींत धुकं नाही, असं वाचलंय.

टेक्सासची_सून

@खडूस, तुमच्याकडे कधीच नसतं का धुकं?

निळासावळा

:))

रानवाटा

प्राण्यांचा विषय निघाला म्हणून अवांतर. ब्रिटनमधला सर्वोच्च सन्मान 'सिल्व्हर वुल्फ', १९०९ पासूनचा. सुरुवातीला तो भरपूर प्रावीण्य चिन्हं मिळवलेल्या मुलांनाही मिळायचा, नंतर फक्त मोठ्यांच्या असामान्य सेवेसाठी राहिला. लांडगा कशाला? तर १८९६ च्या आफ्रिकेतल्या मोहिमेत तिथल्या मताबेले लोकांनी बेडन-पॉवेलना 'इम्पीसा' असं नाव दिलं आणि त्याचा अर्थ 'कधी न झोपणारा लांडगा' असा ते सांगत. पण त्या भाषेत 'इम्पिसी' म्हणजे तरस! म्हणजे शंभरेक वर्षं मोठमोठी माणसं छाती फुगवून जो रौप्य लांडगा मिरवतायत तो खरं तर रौप्य तरस असायला हवा होता.

जागतिक पातळीवर 'ब्राँझ वुल्फ' आहे. तोही पहिला बेडन-पॉवेलनाच, १९३५ मध्ये. आपल्या लक्ष्मी मजुमदार यांना तो १९६९ मध्ये मिळाला. भारताचा स्वतःचा सर्वोच्च सन्मान 'रौप्य हत्ती'. नशीब, हत्तीच्या भाषांतरात घोळ होत नाही.

सरळसोट

एक राहिलंच. हे बेडन-पॉवेल भारताबद्दल काय म्हणायचे त्यावर कुणी बोलणार आहे की नाही? १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद, कारण त्यांना टेहळणी शिकवली तर पुढे क्रांतिकारक व्हायचे अशी भीती. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला वेगळी संघटना काढली आणि १९१८ मध्ये पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची. १९३७ मध्ये दिल्लीला जांबोरी (स्काउटांचा मोठा मेळावा) झाली, बेडन-पॉवेल आले, आणि त्यांच्या भारतीयांविषयीच्या उद्गारांवरून एवढं रण पेटलं की हिंदुस्तान स्काउट असोसिएशन उभी राहिली. शेवटी स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला, दोन्हीकडचे एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झालं, पुढच्या वर्षी गाईडवाल्याही (मुलींची संघटना) आल्या. स्वस्तिक त्यांनी आपल्याकडून घेतलं, दार मात्र आपल्याला उघडलं नाही. हे लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

चष्मिष

@सरळसोट, सहमत, फक्त एक भर. ते दार पुढे उघडलं, १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले त्या सुमाराला. म्हणूनच जळगावकडच्या शेतकऱ्याकडे हा बिल्ला असणं अशक्य नाही. पथक जवळपास असलं पाहिजे, बस्स. भुसावळसारखं रेल्वेचं मोठं गाव लागूनच आहे.

@गाठोडं, बिल्ल्याची मागची बाजू भिंगाखाली बघा. चांदीचा असेल तर इंग्लिश छाप असतील: चालणारा सिंह म्हणजे अस्सल चांदी, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर, जे वर्षाला बदलतं. अक्षर मिळालं की साल मिळालं.

खडूस

हे पहिल्यांदा कामाचं बोललात.

गाठोडं

बापरे, दोन दिवस लग्नाला गेले होते तर एवढी चर्चा! सगळ्यांचे आभार. (बिल्ला देऊ का?)

भिंगाने बघितलं. नांगर दिसला!! सिंहाचे पाय आणि शेपूट आहे, डोकं गायब. अक्षराच्या जागी नुसता गुळगुळीत खड्डा. शंभर दसरे आणि शंभर वेळा चिंच... आजीने आणि पणजीने मिळून साल खाऊन टाकलं.

खडूस

नांगर असेल तर मागे घेतो. चिंचेने झिजलेला छाप नकली करणारा कुणी मला माहीत नाही.

चष्मिष

नोंद घ्या मंडळी, तारीख लिहून ठेवा.

कोथिंबीर_जुडी

पण मूळ प्रश्न राहिलाच की. पणजोबांनी असं काय केलं?

निळासावळा

मी सांगतो. स्काउटने त्यांना जबरदस्तीने रस्ता ओलांडून दिला आणि त्यांनी मारलं नाही.

अकेलाबाई

गाठोडं, घरात कुणी जुनं माणूस आहे का अजून? अशा गोष्टी कागदावर नसतात. पथकाला शिबिराला जागा लागते, पाणी लागतं, सरपण लागतं. माझ्या पथकाला सतरा वर्षं एका माणसाने स्वतःची विहीर वापरू दिली. मी त्यांना कधी थँक्स बॅज दिला नाही. दरवर्षी नारळ आणि शाल. हा धागा वाचेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. ते गेले आता.

गाठोडं

अकेलाबाई, तुमचं वाचून आत्याला फोन लावला. वय चौऱ्याऐंशी, कान कमी, पण आवाज खणखणीत. मी विचारलं, आपल्या घरात कुणी स्काउट होतं का? म्हणाली, "कोण?" मी म्हटलं बालवीर. तर म्हणाली, "बालवीर कुठले आपल्याकडे." मग मी तो टाक कुठून आला विचारलं, तर म्हणाली, "तो देवाचा आहे, देवघरात होता म्हणजे देवाचाच." संपलं.

फोन ठेवता ठेवता सहज म्हटलं की नदीकडच्या वावराची मोजणी येत्या आठवड्यात आहे. आत्या म्हणाली, "कुठल्या, तंबूच्या ना?"

आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव आहे. चिंचेचं, पाटाखालचं, म्हाताऱ्याचं, आणि नदीकडचं ते तंबूचं. सातबाऱ्यावर फक्त गट नंबर. मी जन्मापासून 'तंबूचं वावर' म्हणतेय आणि कधी विचारलं नाही की कसला तंबू. आत्याला विचारलं.

"अगं, माझ्या जन्माआधीची गोष्ट. आजा सांगायचा. नाताळात भुसावळकडून अर्ध्या चड्डीतली पोरं यायची, विहिरीपाशी तंबू ठोकायची. आजा कापूस वेचून झाला की ते वावर मोकळंच ठेवायचा त्यांच्यासाठी, हरभरा नाही पेरायचा. आजी कावायची. एका वर्षी त्यांचा साहेब घरी आला, आज्याचा हात डाव्या हाताने धरला म्हणून आजी म्हणाली, पाहा, रीतभातही नाही..."

रानवाटा

डावा हात!!!

अकेलाबाई

वाचतेय आणि डोळे पुसतेय. पुढे काय म्हणाल्या आत्या?

गाठोडं

पुढे काही नाही. मी विचारलं, त्या साहेबाने काही दिलं का? म्हणाली, "दिलं असेल. आजा कुणाकडून काही घ्यायचा नाही, आजीच्या हातात दिलं असेल." मग मोजणीला सरकारी माणसाबरोबर कोण उभं राहणार, त्याचं जेवण कुणाकडे, यावर गाडी गेली.

भावाला सगळं सांगितलं. तो म्हणतो नाझी नाही हे ठीक, पण चांदी आहे तर तिघांत वाटणी कशी करायची. तूर्त बिल्ला काकांच्या देवघरात गेला आहे, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला. काकूला बजावलं आहे की चिंच लावू नको. तिने विचारलं, मग पितांबरी चालेल का?

खडूस

नका लावू. सिंहाचे पाय तरी राहू द्या.